पक्क्या रंगाची गुलछडी

आमच्या घरात माणूस हरवलं तर संध्याकाळपर्यंत वाट पाहतात, पाणी सांडलं तर जागेवर चौकशी बसते.

या चौकशीच्या कायमच्या अध्यक्ष म्हणजे माझ्या सासूबाई, आत्याबाई. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात त्या महिनाभर लातुरात लेकीकडे राहिल्या आणि परत आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन आल्या. तेव्हापासून आमच्याकडच्या पाण्याला तीन जन्म असतात. पहिल्या जन्मी ते डाळ-तांदूळ धुतं, दुसऱ्या जन्मी भांडी विसळतं आणि तिसऱ्या जन्मी केळीच्या बुडाशी जाऊन मोक्षाला लागतं. रिकामं भांडं तर आत्याबाईंना बघवतच नाही. बादली, घमेलं, डबा, काहीही मोकळं दिसलं की त्यात कुठलं ना कुठलं पाणी जाऊन बसतं. (माहेरून आलेला नवा कुकर मी एकदा पाच मिनिटं अंगणात ठेवला. परत आले तर त्यात मेथी धुतलेलं पाणी!) हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी काडीचीही चूक नव्हती, असं मला शेवटपर्यंत म्हणत राहायचं आहे.

मी या घरची धाकटी सून, सुमन. औसा-लातूर रस्ता सोडून थोडं आत गेलं की आमचं शिवार लागतं. चहूकडे सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, आणि या सगळ्या शहाण्यासुरत्या पिकांच्या मधोमध दहा गुंठ्यांत माझी गुलछडी. शहरातली माणसं तिला निशिगंध म्हणतात. एवढं सोज्वळ नाव शेतात टिकत नाही.

या दहा गुंठ्यांचे एकमेव शत्रू म्हणजे माझे थोरले दीर, दादा. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्या दोन गोष्टी ठाऊक असायला हव्यात. पहिली म्हणजे, थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही ही जुनी रीत त्यांनी अशी पाळली, की अठ्ठावीस वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोललेले नव्हते. जे सांगायचं ते मी ऐकण्याच्या अंतरावर असताना म्हशीला सांगायचे. मीही उत्तर म्हशीलाच द्यायची. एवढ्या वर्षांत गोठ्यात चार म्हशी झाल्या आणि चौघींनी माझ्या वाटची बोलणी खाल्ली.

दुसरी गोष्ट त्यांच्या कपड्यांची. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी. तीस वर्षांत दादांना कुणी रंग लावलेला नाही, हा आमच्या गावातला एक मानाचा विषय आहे. रंगपंचमीच्या सकाळी ते भाकरी फडक्यात बांधून घेतात, कडब्याच्या गंजीवर चढतात आणि शिडी वर ओढून घेतात. सगळ्यांच्या आंघोळी झाल्याची खात्री पटली की मगच उतरतात.

आता भांडणाचं सांगते. आमच्याकडे शेतीचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. सालगडी पाडव्याला ठरतो, कुठल्या तुकड्यात काय घ्यायचं तेही पाडव्यालाच ठरतं, आणि एकदा ठरलं की वर्षभर कुणी हूं की चूं करत नाही. गेल्या वर्षी पाडव्याला गुढी उभी राहिली, लिंबाचा पाला खाऊन झाला आणि दादा गोठ्याकडे वळले. मी ओळखलं, आज म्हशीला मोठं भाषण आहे.

"फुलं काय माणसं खातेत का जनावरं?" दादा म्हशीला म्हणाले. "औंदा त्या दहा गुंठ्यात नांगर घालायचा. इहिरीचं पानी वाया जायलंय समदं."

आमचे हे शेजारीच उभे होते. ते "बघू" म्हणाले. (लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर भटजींनी काही विचारलं तेव्हाही ते "बघू" म्हणाले होते.) मला मात्र काय झालं कुणास ठाऊक, मी पदर खोचला आणि थेट म्हशीसमोर जाऊन उभी राहिले.

"सांग गं त्यांना," मी म्हणाले, "विहिरीचं एक बादली जास्तीचं पाणी घेणार न्हाई. घरातल्या सांडपाण्यावर वाढवते. आणि पुढच्या पाडव्याच्या आत माझी फुलं लातूरच्या एका तरी लग्नाच्या मांडवात लागली न्हाईत, तर नांगर मीच धरते."

म्हशीनं कान हलवला. करार झाला.

मी वर्षभर शब्द पाळला. घरात कुणी आंघोळ केली की न्हाणीतलं पाणी फुलांना. कुणी पाहुणा हात धुवायला उठला की मी घमेलं घेऊन मागे. आत्याबाई तर खूश! पाण्याला चौथा जन्म मिळाला होता. गुलछडी अशी तरारली की बांधावरून जाणारी बाई थांबून श्वास घ्यायची आणि मग पुढे जायची. सुटी फुलं औशाला हारांसाठी जाऊ लागली. पण मांडवात लागतात त्या लांब दांड्या, आणि लातूरचे मांडववाले दांड्या बाहेरगावाहून मागवतात. आमच्याकडे कोण विचारतो? वर्ष सरत आलं तरी मांडव काही मिळेना.

मिळाला तो अगदी शेवटी, चाँदभाईंच्या कृपेनं. चाँदभाई म्हणजे लातूरचे जुने सजावटवाले. आजोबांपासून त्यांच्या घरात लग्नाचे मांडव सजवतात. मी त्यांच्या दुकानात इतक्या वेळा जाऊन बसले, की शेवटी गिऱ्हाइकं मलाच भाव विचारायला लागली. कंटाळून त्यांनी एक लग्न दिलं. एका वकीलसाहेबांच्या मुलीचं. वधूच्या आईची एकच अट होती, सगळं व्यासपीठ पांढरंशुभ्र पाहिजे. "दूध के माफिक, वैनी," चाँदभाई म्हणाले. लग्न होतं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यानंतर पाडव्यापर्यंत त्यांच्याकडे दुसरं लग्न नव्हतं. म्हणजे हाच एक मांडव, नाहीतर नांगर!

शहाण्या बाईनं अशा वेळी रंगपंचमी खेळली नसती. पण दादा सकाळीच शिडी घेऊन निघताना म्हशीला म्हणाले, की उद्याच्या काळजीनं आज काही लोकांचा रंग उतरलेला दिसतोय. झालं! मी औशाहून आणलेली पक्क्या रंगाची पुडकी सोडली. जांभळा, गुलाबी आणि हिरवा. दुकानदारानं आठ दिवस न जाण्याची हमी दिलेली. गल्लीतली एकही बाई मी सोडली नाही, आणि मग गल्लीतल्या एकाही बाईनं मला सोडलं नाही. दुपारी घरी आले तेव्हा म्हशीनंही मला ओळखलं नाही. एवढ्या वर्षांचे आमचे संबंध!

आता नीट लक्ष द्या, घोटाळा इथेच आहे. गुलछडीची दांडी काढायची ती संध्याकाळी, खालच्या दोन कळ्या उमलल्या आणि वरच्या मिटलेल्या असताना. काढली की लगेच पाण्यात उभी करायची. रात्रभर ती पाणी पीत राहते आणि सकाळी ताठ होते. त्यासाठी माझ्याकडे काळ्या प्लास्टिकची, मधून कापलेली तीन पिंपं गोठ्याच्या भिंतीशी ठेवलेली असतात. त्या दिवशी ती धुऊन पालथी घालून ठेवली होती. मी ह्यांना सांगितलं, तिन्ही पिंपं चांगल्या पाण्यानं भरून ठेवा, आणि कात्री घेऊन शेतात गेले.

इकडे घरात माझ्या आंघोळीचं पाणी साठवलेलं होतंच, त्यात रंग खेळून आलेल्या बाकीच्यांच्या आंघोळी चालू. सगळं घर, शिवाय आत्याबाईंच्या धाकाखाली आमच्याच न्हाणीत अंग धुवायला लावलेल्या शेजारच्या दोन जावा. इतकं पाणी! आणि ते फुलांचं, हे तर मीच ठरवून दिलेलं. आत्याबाईंनी पाहिलं, तीन पिंपं पालथी, मोकळी. त्यांना ते सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी पिंपं सुलटी केली आणि घमेल्यामागून घमेलं ओतून तिन्ही काठोकाठ भरली. मग आमचे हे चांगलं पाणी घेऊन आले, तर पिंपं भरलेली. आपलं काम झालेलं दिसलं, तर ते कुणी केलं हे विचारणाऱ्यांतला हा माणूस नाही. ते समाधानानं परत गेले.

मी तीनशे दांड्या काढून आणल्या तेव्हा दिवस मावळला होता, वीज गेली होती, पिंपं काळी होती. पाण्यात हात घातला. हात जांभळा दिसला. तो आधीपासूनच कोपरापर्यंत जांभळा होता! मी शांतपणे सगळ्या दांड्या उभ्या केल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि जाऊन झोपले. त्या रात्री इतकी गाढ झोप लागली, की तिची मला अजून लाज वाटते.

सकाळी गोणपाट उचललं आणि तिथेच खाली बसले.

एकेक दांडी म्हणजे जत्रा! काही पाकळ्या गुलाबी, काहींच्या कडा जांभळ्या, काहींत हिरव्या शिरा. एका फुलात तर तिन्ही रंग गुण्यागोविंदानं नांदत होते. मी सगळ्या दांड्या घाईघाईनं स्वच्छ पाण्यात उभ्या केल्या, म्हणजे रंग धुऊन निघेल. पण तो बाहेर लागलेला नव्हता, आतून चढला होता. स्वच्छ पाणी पिऊन फुलांना हुशारी आली आणि रंग शेंड्यापर्यंत पोचला.

आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. हे त्यांच्या पाण्यामुळे झालं हे त्यांनी एका नजरेत ओळखलं आणि एका शब्दानंही कबूल केलं नाही. "त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "दादाचं धोतर पिवळं पडलं की मी काय करते? नीळ घालते. नीळ घाल."

माणूस बुडायला लागला की त्याला काहीही पटतं. मला पटलं! मी तीन पिंपांत नीळ कालवली आणि तीनशे दांड्या आणि वर गुंडाळायची गोणपाटंसुद्धा त्यात बुडवून काढली. धोतर निळीनं पांढरं होतं. फूल निळीनं निळं होतं. हे ज्ञान मी आज फुकट वाटते आहे.

तेवढ्यात चाँदभाईंचा टेम्पो आला. ते उतरले, फुलांकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "हम सफेद बोले थे ना?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मटकन बसायला काही मिळतं का बघितलं. लग्न बाराला. बाजार केव्हाच उठलेला. एवढ्या दांड्या आता कुठेच मिळणार नव्हत्या. आणि नेमके त्याच क्षणी गोठ्याच्या दारात दादा उगवले, परीटघडीचे कपडे घालून, बगळ्यासारखे पांढरे. त्यांनी फुलं पाहिली, मला पाहिलं आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"पाडव्याला नांगराची मूठ धरायची सवय न्हाई काही लोकांना," ते तिला म्हणाले. "आतापास्नं हाताला त्याल चोळा म्हनावं."

दुसरी कुणी असती तर रडली असती. मला चेव आला. मी म्हशीला बाजूला सारलं. चाँदभाईंना म्हणाले, "भरा टेम्पोत. हीच फुलं जातील. मी येते सोबत, वकीलसाहेबांशी मी बोलते. मांडव तुमचा, तोंड माझं."

दादांनी जाहीर केलं, की तेही लातूरला येणार. कशाला, ते म्हशीलाही सांगितलं नाही. पण डोळ्यांत गंमत दिसत होती.

टेम्पोत पुढे चाँदभाई चालवायला, आणि शेजारी दोघांपुरतं बाकडं. त्यावर मी बसले. आता भावजयीशेजारी दादा कसे बसणार? रीत मोडली असती! ते ताठ मानेनं मागे गेले आणि रंगाच्या पिंपांवर रात्र काढलेल्या आणि निळीत बुडवलेल्या ओल्या गोणपाटांच्या गठ्ठ्यांवर मांडी घालून बसले. मला ते दिसत होतं. सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षांत आम्ही थेट बोललेलो नव्हतो आणि म्हैस तर घरी राहिली होती. मी रीत पाळली.

औसा ते लातूर रस्त्यावर खड्डे फार नाहीत, पण आहेत ते कामाचे आहेत. प्रत्येक खड्ड्याला मागून थोडं पाणी उसळल्याचा आवाज येत होता. मी समोर बघत वकीलसाहेबांसाठी भाषण जुळवत राहिले. ही नवी जात आहे म्हणावं, की देवाची करणी?

मंगल कार्यालयात चाँदभाईंच्या माणसांनी मुकाट्यानं फुलं लावली. शेवटची दांडी लागली आणि वकीलसाहेब आले. मागे त्यांची बायको, पाठोपाठ वीस-पंचवीस वऱ्हाडी. सगळे व्यासपीठाकडे बघत उभे राहिले.

"चाँदभाई, आपलं पांढरं ठरलं होतं," वकीलसाहेब म्हणाले. आवाज कोर्टातला.

चाँदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले, पदर सावरला, तोंड उघडलं आणि अठ्ठावीस वर्षं बडबड करणाऱ्या माझ्या तोंडातून हवा निघाली. नुसती हवा! तेवढ्यात वऱ्हाडातून एक हसू फुटलं, मग दुसरं, मग सगळेच हसायला लागले. मला वाटलं, मला हसतायत. वळून बघते तर मागे दादा.

धोतर खालून निळं, मागून जांभळं. शर्टाच्या पाठीवर गुलाबी गोल. टोपी त्यांनी वाटेत काढून घाम पुसला असावा, कारण कपाळावर हिरवा पट्टा होता. तीस वर्षांचा मान माझ्या गुलछडीनं एका प्रवासात उतरवला होता, आणि वऱ्हाड हसेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"बाबा, पंचमी काल झाली," कुणीतरी म्हणालं.

दादांनी खाली पाहिलं. धोतराचा सोगा उचलून बघितला. मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं. घरातलं भांडण घरात, पण परक्या गावात आपल्या घराला कुणी हसलेलं आमच्या दादांना चालत नाही.

"हसाया काय झालं?" ते म्हणाले. "आमच्या घरची फुलं हायत. रंगाचीच असत्यात. पांढरी काय, कुनीबी लावतंय. सुमननं केलीत ही, आमच्या सुमननं. असली दुसरी लातुरात दाखवा मला."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तेही दोनदा!

यावर वकीलसाहेबांकडे युक्तिवाद नव्हता. त्यांच्या बायकोकडे होता, त्या तोंड उघडणारच होत्या. पण खोलीच्या दारातून हळदीच्या अंगानं नवरी डोकावली आणि म्हणाली, "मम्मी, पांढरं सगळ्यांकडेच असतं. हेच राहू दे की." आणि मोबाइल काढून फोटो घ्यायला लागली. नवरीच फोटो घेते म्हटल्यावर वऱ्हाडही घ्यायला लागलं. शेवटी दादांना त्या फुलांसमोर उभं करून फोटो काढले. ते वेशभूषेसकट व्यासपीठाला शोभत होते.

परत येताना ते पुन्हा मागेच बसले. म्हणाले (चाँदभाईंना), आता काय बिघडायचं राहिलंय.

पाडवा आला. गुढी उभी राहिली, लिंबाचा पाला झाला, दादा उठले. मी सवयीनं गोठ्याकडे निघाले, तर ते गेलेच नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, खाकरले.

"सुमन," ते म्हणाले, "दहा गुंठे तुझे. भरल्या मांडवात बोललोय मी, आता मागं घेता येत न्हाई. पर रंग तसाच पायजे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. जगातली कुठलीही बाई गप्प बसली असती. मी पदर खोचला आणि म्हणाले, "तसाच काय, त्याहून पक्का देते."

चाँदभाईंचा निरोप आला. चैत्रातली दोन लग्नं मिळाली आहेत, फुलं तीच हवीत, अगदी फोटोतल्यासारखी. मी औशाहून तीच तीन पुडकी आणली, त्याच पिंपांत कालवली, त्याच दांड्या, तीच नीळ. पहिल्यांदा फुलं खोकल्याच्या औषधाच्या रंगाची झाली. दुसऱ्यांदा त्यांनी रंग प्यायलाच नाही. तिसऱ्यांदा एका रात्रीत माना टाकल्या. लग्न दोन दिवसांवर. दादा रोज सकाळी येऊन थेट मलाच विचारतात, "झालं का गं?" म्हैस होती तेव्हा किती सुख होतं, ते मला आता कळतंय.

शेवटी आत्याबाईंना दया आली. त्यांनी माझ्या पिंपांत वाकून पाहिलं, पाण्यात बोट बुडवलं आणि निदान केलं. "ह्यात माणसाच्या अंगावरून आलेलं पाणी न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून धरेना रंग. आणि त्या दिवशी समद्यात जास्त रंग तुझ्याच अंगावरून निघालावता."

तर सध्या आमच्याकडे असं चालू आहे. भर चैत्रात, टळटळीत उन्हात, बावन्न वर्षांची मी न्हाणीच्या दगडावर गळ्यापर्यंत जांभळी होऊन बसते. आत्याबाई माझ्या डोक्यावरून तांब्या ओततात आणि खालचा थेंब न् थेंब घमेल्यात धरतात. शेजारच्या दोन्ही जावा भिंतीवरून डोकावून विचारतात, "काय करायलीस गं, सुमन?"

मी मान ताठ ठेवून सांगते, शेतीची कामं चालू आहेत.